अर्धं जस्त

शनिवारी ऊन पडलं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आठवडाभर पावसाची पिरपिर चालली होती. अशा हवेत द्राक्षाच्या पानाखाली केवडा, म्हणजे पांढरी बुरशी, धरतो, आणि एकदा धरला की शरदात घड तोडायला नको, नुसत्या काड्याच मोजायच्या. त्यामुळे त्या दिवशी उजाडताना आभाळ मोकळं झालं तसे आमच्या दोलेन्स्का प्रांतातल्या एकूण एक टेकडीवर फवारणीचे पंप सुरू झाले. डॉक्टर, पाद्री, पोस्टमन, शाळामास्तर, सगळ्यांच्या पाठीवर पंप आणि सगळ्यांच्या नखांत निळं. मीही फवारलं. बापाच्या पद्धतीनं, मोरचूद आणि कळीचा चुना बादलीत स्वतः कालवून. आमच्याकडे दुसरी पद्धत नाही आणि मी जिवंत असेपर्यंत येणारही नाही.

नेमका त्याच शनिवारी माझ्या बायकोला प्रोटॉनचा झोत मिळाला होता.

माझी बायको पोलोना जीवरसायनाची डॉक्टर आहे. मी ट्रकचा मेकॅनिक. तुमचं दोघांचं जमलं कसं, असं विचारणारे भेटतात. मी म्हणतो, आधी घरी जा आणि तुझ्या बायकोचं तुझ्याशी कसं जमलं ते विचारून ये.

कैक वर्षं पोलोना मधमाशीच्या लाळेतल्या एका प्रथिनामागं लागली होती. कामकरी माशी अळीला भरवते त्या घासात हे प्रथिन असतं. ते तिथं काय काम करतं, कुणाला ठाऊक नाही. पोलोना म्हणते, त्याच्या आत कुठला धातू बसलाय ते कळू दे, मग त्याचं काम ओळखता येईल. तांबं असेल तर एक काम, जस्त असेल तर दुसरंच. तिच्या मोजणीत जस्त निघालं. पण दर रेणूमागं अर्धा अणू.

अणू अर्धा नसतो. एवढं मलाही कळतं, मग त्या शहाण्यांना कळणारच. दर वेळी ती नव्यानं प्रथिन काढायची, धुवायची, मोजायची, आणि दर वेळी तेच. अर्धं. आमच्या भाषेत अर्ध्याला ‘पोल’ म्हणतात आणि ‘ती’ला ‘ओना’. तेव्हा पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. एका परिषदेत तिच्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्यावर कुणीतरी मधोमध रेघ मारून ठेवली. पोल, ओना. अर्धी ती. सगळा चहाचा मंडप हसला. ती बिल्ला लावूनच घरी आली आणि तसाच तिनं फ्रीजच्या दारावर चिकटवला. मी काढायला गेलो तर म्हणाली, “राहू दे. मला राग यायला पाहिजे, रोज, दूध काढताना.”

हे नाव काढलं होतं प्रोफेसर हुबेर्त रेमश्कार यांनी. हा माणूस समितीचा प्रमुख. समिती म्हणजे काय, तर ज्यांना स्वतःला बरीच वर्षं काही सापडलेलं नाही अशा लोकांना दुसऱ्यानं काय शोधायचं ते ठरवायला बसवतात. रेमश्कारांचं म्हणणं असं की पोलोनाचं जस्त म्हणजे रबरी बुचांतून आलेली घाण. खरा धातू तांबं, आणि तो ही बाई धुता धुता घालवते. तेव्हा शेवटची संधी म्हणून त्वरकावर, म्हणजे प्रोटॉनचा झोत सोडणाऱ्या यंत्रावर, एक दिवस द्यावा. त्या दिवशी जस्त स्वच्छ दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर सोमवारी तिची प्रयोगशाळेची खोली रिकामी करायची, शीतपेटी बंद, आतलं प्रथिन मोरीत. आणि निकाल बघायला साहेब जातीनं येणार होते.

म्हणजे एवढ्या वर्षांचं सगळं एका थेंबावर आलं होतं. तो थेंब तिनं कागदाहून कितीतरी पातळ अशा फिल्मवर ठेवून वाळवला होता. फिल्म एका नखाएवढ्या चौकटीत ताणलेली, चौकट डबीत, डबी मांडीवर.

गाडीत बसताना तिनं माझ्याकडं पाहिलं. “हात दाखव.”

दाखवले.

“सिल्वो! हे काय?”

“घासलेत गं. ग्रीसच्या साबणानं. मोरचूद नखातून निघत नाही, तुला माहीत नाही का?”

“मी सकाळपासून तीनदा केस धुतले. मळ्याकडचं वारं लागू नये म्हणून खिडक्या लावून बसले. आणि तू निळा होऊन आलास?”

“केवडा थांबतो का तुझ्या प्रोटॉनसाठी?”

“गाडी चालव. दारं उघड. बाकी कशालाही हात लावायचा नाही. कळलं?”

कळलं. पण उतरताना ती कोट घालायला लागली तेव्हा डबी तिनं सीटवर ठेवली आणि झाकण जरासं सरकलेलं मला दिसलं. मी अंगठ्यानं ते सारखं केलं. उघडी डबी बघून कुणीही करील तेच मी केलं.

त्वरकाची इमारत राजधानीबाहेर सावा नदीच्या काठी आहे. आत एक भलीमोठी टाकी, तिच्यातून निघालेली लांबच लांब नळी, आणि नळीच्या टोकाला स्वयंपाकघरातल्या कुकरएवढं भांडं. त्या भांड्यातली हवा काढून टाकतात आणि नमुना आत टांगतात. डार्या नावाची पोरगी हे सगळं सांभाळते. पोरगी म्हणजे चाळिशीची, पदार्थविज्ञानाची डॉक्टर, पण जीन्सच्या मागच्या खिशात पाना ठेवते म्हणून मला आपली वाटते.

“पोलोनाबाई, आणलात थेंब?” तिनं हातमोजे चढवत विचारलं.

“आणला. आज हाच दागिना.”

तेवढ्यात रेमश्कार आले. पांढरी दाढी, तपकिरी कोट, जोडे मात्र चिखलानं भरलेले. त्यांनी आधी माझ्या हातांकडं पाहिलं.

“काय सिल्वो, झाली का फवारणी? सगळा देश शनिवारी माकडासारखा टेकडीवर चढतो. मी बाबा मळ्याचं नावच टाकलंय. माणसानं एक तर विज्ञान करावं नाहीतर घरच्या वाइनचं व्हिनेगार.”

“आमच्या व्हिनेगारचे गेल्या वर्षी तुम्ही दोन बुधले नेलेत, प्रोफेसरसाहेब,” मी म्हणालो.

पोलोनानं माझ्या पायावर पाय दिला.

डार्यानं डबी उघडली तशी रेमश्कारांनी हात पुढं केला आणि चौकट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. “यावर काही आहे तरी का? मला तर नुसतीच फिल्म दिसते.”

“हातमोजे, प्रोफेसरसाहेब!” डार्या ओरडलीच.

“कडेला धरलंय. तू रांगत होतीस तेव्हापासून मी चौकटी धरतोय.” डोळे बारीक करून त्यांनी ती इकडून तिकडं फिरवली. “हं, आहे. अर्धा थेंब.”

स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले.  पोलोनाची मान लाल झाली होती. ती लाल झाली की मला कुणाला तरी झोडपावंसं वाटतं, पण समितीच्या प्रमुखाला पान्यानं मारता येत नाही, तशी सोय कुठल्याच कायद्यात नाही.

चौकट आत गेली, पंप घरघरला, हवा निघाली, झोत सुरू झाला.

मला हे काम असं समजलंय. काळोख्या गोठ्यात कुठली जनावरं आहेत ते दिसत नाही. तुम्ही दारावर काठी आपटता. शेळी शेळीसारखी ओरडते, गाय गायीसारखी. न बघता कळतं आत कोण आहे ते, आणि आवाज किती मोठा यावरून कळतं किती जणी आहेत. प्रोटॉनचा झोत म्हणजे काठी. तो आदळला की प्रत्येक अणू आपापला क्ष-किरण सोडतो. गंधकाचा वेगळा, तांब्याचा वेगळा, जस्ताचा वेगळा. आपली ओळख बदलून दुसऱ्याचा आवाज काढणं कुठल्याच अणूला जमत नाही, आणि म्हणूनच मला अणू समितीपेक्षा बरे वाटतात.

आता मोजायचं कसं? तर गंधकानं. पोलोनाच्या प्रथिनाच्या दर रेणूत गंधकाचे सहा अणू आहेत, हे त्याच्या घडणीवरून आधीच पक्कं ठाऊक आहे. गोठ्यात शेळ्या किती हे माहीत असेल तर शेळ्यांच्या आवाजाशी ताडून गायी मोजता येतात. गंधक ही तिची मोजपट्टी. बाकीचं मीठबीठ तिनं धुऊन काढलं होतं, क्लोरीनचा कण उरला नव्हता, कारण त्याचा आवाज गंधकाच्या अगदी शेजारी लागतो आणि मोजपट्टी बिघडवतो.

पडद्यावर एक आडवी रेघ होती. तिच्यावर हळूहळू उंचवटे उगवायला लागले. डार्या बोट ठेवून सांगत होती. “हे गंधक. छान. हे... थांबा.”

उजवीकडं एक सुळका वर चढत होता. चढतच राहिला. गंधकाला मागं टाकून, छपराकडं.

“तांबं,” डार्या अगदी हळू म्हणाली.

“तांबं!” रेमश्कार मात्र इतक्या मोठ्यानं म्हणाले की नळीतले प्रोटॉन दचकले असतील. “मी काय सांगत होतो? काय सांगत होतो मी सहा वर्षं?”

“आणि जस्त?” पोलोनानं विचारलं.

“असलं तर या सुळक्याच्या पायथ्याशी दडलंय,” डार्या म्हणाली. “तांब्याची दुसरी, छोटी शेंडी नेमकी जस्ताला चिकटून येते. आत्ता वेगळं काढता येणार नाही. ही फक्त एकूण बेरीज आहे, बाई. झोत थेंबावरून ठिपक्या-ठिपक्यानं फिरतोय. कुठल्या ठिपक्यात काय आहे त्याचा नकाशा भरायला वेळ लागेल.”

“नकाशा कशाला? पाटी वाचता येत असताना?” रेमश्कारांनी हात चोळले. “मी मात्र आहे इथंच. घाई नाही. जिंकलेल्या माणसाला कसली घाई?”

कोटात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितला आणि घाईनं बंद केला. “समितीचा,” म्हणाले.

पोलोनानं चष्मा काढून पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, “चल, मलित्सा करू.”

आमच्याकडं दहा-साडेदहाचं हे खाणं कुणी चुकवत नाही. बाप मेला तरी शवपेटी वाहणारे मलित्सा करून मग उचलतात. बाहेर बाकावर बसून मी पाव कापला, सॉसेज कापलं, मुळ्याचा तिखट कीस काढला. ती पुढ्यातल्या नदीकडं बघत होती. मला मात्र माझा अंगठा दिसत होता. नखाच्या कडेनं निळी किनार. मोरचूद म्हणजे काय? तांबंच की.

न सांगता राहिलो असतो तर घास गिळला नसता.

“पोलोना. ती डबी.”

“कुठली डबी?”

“झाकण सरकलं होतं. मी जरा सारखं केलं.”

तिनं मान अगदी सावकाश माझ्याकडं वळवली. “कशानं?”

“अंगठ्यानं.”

“बाहेरून ना?”

“बाहेरून.”

“नक्की?”

“म्हणजे... जरा आत गेला असेल.”

“जरा म्हणजे?”

“नखापुरता.”

ती उठली. बाकाभोवती एक फेरी मारून आली. “सिल्वो, मी तुला टाकून देणार नाही, कारण मला गाडी चालवता येत नाही. पण आज घरी गेल्यावर तू तो पंप, ती बादली आणि तुझा बाप...”

“बापाला मध्ये आणू नकोस.”

“तुझ्या बापाचा चुना!”

“चुन्यालाही!”

असं आम्ही भांडत होतो. भांडताना ती सॉसेज खायला लागली, तेवढाच मला धीर.  तिनं माशीच्या लाळेचा थेंब थेंब जमवला, मी मळ्यात एक सकाळ घालवली, आणि माझ्या एका अंगठ्यानं सगळं बुडवलं. त्या रेमश्काराला झोडपायचं म्हणत होतो, आता स्वतःलाच कुठून सुरुवात करावी ते कळेना.

“पोलोनाबाई!” डार्या दारात उभी होती. पळत आली असावी. “नकाशा भरला. चला. आणि खाणं घेऊन या, मला भूक लागलीय.”

पडद्यावर आता उंचवटे नव्हते, चित्रं होती. पहिलं गंधकाचं. वाळलेल्या थेंबाची कड उजळ, जशी टेबलावर कॉफीच्या कपाची गोल खूण उठते तशी.

“हे तुमचं प्रथिन,” डार्या म्हणाली. “आता हे जस्त बघा.”

तेच वर्तुळ. तीच कड, डावीकडं तसाच खळगा, वर तशीच शेपूट. जुळ्या बहिणींचे फोटो शेजारी ठेवावेत तसं. जिथं गंधक तिथं जस्त, जिथं गंधक नाही तिथं जस्तही नाही. पोलोनानं तोंडावर हात ठेवला.

“आणि हे तांबं.”

वर्तुळ काळंच. तांबं थेंबात नव्हतंच. ते होतं पार बाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात, तीन वाकड्या, एकीशेजारी एक अशा रेषांत.

“हे काय आहे?” रेमश्कार पुढं वाकले.

“ठसा,” डार्या म्हणाली. “कुणाच्या तरी बोटाचा. कडेचा भाग.”

 मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी अंगठा मुठीत लपवला, जणू तो आता पकडला गेल्यावर काही फरक पडणार होता.

“व्वा!” रेमश्कार म्हणाले. “नवराच घरभेदी! नमुना खराब झालाय, बाई. खराब नमुन्यावर समिती...”

“थांबा,” पोलोना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. हा आवाज मी ओळखतो. घरात मांजर कुठून आलं ते शोधताना ती असं बोलते. “सिल्वो, चुना किती घातलास?”

“बाप घालायचा तेवढा.”

“म्हणजे भरपूर.”

“म्हणजे योग्य.”

“डार्या, त्या ठशात कॅल्शियम दाखव.”

डार्यानं कळ दाबली. काळं. नुसतं काळं. ठशाच्या जागी चुन्याचं नावसुद्धा नाही.

“आता त्या ठशातलं गंधक. मोरचुदात तांब्याइतकंच गंधक असतं.”

तिथंही काळं. माझ्या नखात जे होतं त्यात चुना होता आणि गंधक होतं. ठशात दोन्ही नव्हतं. मी मूठ उघडली.

“मग हे तांबं आलं कुठून?” डार्या पुटपुटली, आणि न सांगताच तिनं पुढची कळ दाबली. क्लोरीन.

तीन वाकड्या रेषा लख्ख उजळल्या.

आता इथं प्रयोगशाळेतली अक्कल नव्हती लागत, बाजारातली लागत होती. तांबं आणि क्लोरीन, ना चुना ना गंधक, म्हणजे दुकानातली तयार हिरवी पावडर. पिशवी फोडा, पाण्यात ढवळा, मारा. ज्याला चुना कालवायला वेळ नाही आणि शिकवायला बाप नाही, तो ती वापरतो. मी ती हातात धरत नाही. पोलोनानं धरलेली नाही. डार्याचा मळा नाही, ती समुद्राकाठची, तिच्या घरी ऑलिव्ह.

माझी नजर खाली गेली. रेमश्कारांच्या तपकिरी जोड्यांवर, चिखलाच्या वर, फिकट हिरवी भुकटी बसली होती.

“प्रोफेसरसाहेब,” मी म्हणालो, “मळ्याचं नाव कधी टाकलंत म्हणालात?”

“पाच वर्षं झाली.”

“आणि उचललंत कधी?”

ते काही बोलणार इतक्यात कोटात फोन वाजला. घाईत त्यांनी बंद करायची कळ सोडून भलतीच दाबली, आणि एका म्हातारीचा खणखणीत आवाज त्वरकाच्या त्या मोठ्या दालनात घुमला.

“हुबेर्त! फोन का कापतोस? तीन ओळी तशाच सोडून कुठं पळालास? पावडर बादलीत भिजतेय! मी चढू का टेकडीवर, चौऱ्याऐंशीव्या वर्षी?”

“आई, मी कामात आहे...”

“कसलं काम? लग्नाआधी म्हणाला होतास सगळं करीन! त्या माकडांच्या ओळी फवारून झाल्या, आपल्याच राहिल्या!”

फोन बंद झाला. डार्यानं पडद्याकडं तोंड फिरवलं, पण तिची पाठ गदगदा हलत होती. मी तर टाकीला टेकून हसलो. पोलोना हसली नाही. ती प्रोफेसरांकडं बघत राहिली, आणि त्यांचे कान दाढीपेक्षा वेगळ्या रंगाचे होत गेले.

“सासूबाई,” ते शेवटी म्हणाले. “त्यांच्यासमोर समिती चालत नाही.”

“म्हणजे तांबं तुमचं,” मी म्हणालो.

“तांबं होतं हे मी बरोबरच सांगितलं होतं.” त्यांनी घसा साफ केला. “फक्त ते माझं होतं.”

एवढं म्हणायला छाती लागते, हे मी मान्य करतो. रागावलेला असूनही करतो.

मग ते खुर्ची ओढून डार्याच्या शेजारी बसले. कोट काढला, हातमोजे चढवले, आता कुणी सांगितलं नसताना. “ठसा बाजूला काढ. फक्त वर्तुळ घे. किती आहे ते बघू.”

डार्यानं वर्तुळाभोवती रेघ ओढली. तांब्याचा सुळका विरघळला आणि त्याच्या जागी जस्त एकटं, स्वच्छ, गुबगुबीत उभं राहिलं. पोलोनानं माझा हात धरला. निळा हात, पण तिनं बघितलंसुद्धा नाही.

“गंधकाशी ताडून...” डार्या आकडे वाचत होती. “बारा गंधकांमागं एक जस्त.”

“रेणूत सहा,” रेमश्कार म्हणाले. “म्हणजे...”

ते थांबले. सगळ्यांनाच ते कळलं होतं. पुन्हा अर्धं. त्वरक वापरला, नकाशा काढला, ठसा पकडला, आणि शेवटी तेच अर्धं. मी पोलोनाकडं बघायला घाबरलो.

पण ती माझ्या पिशवीत हात घालत होती. तिनं पावाची एक फोड काढली, सॉसेजची एक चकती त्यावर ठेवली, आणि वरून दुसरी फोड दाबली.

“बारा गंधकांमागं एक,” ती म्हणाली. “फोडी दोन. चकती एक.”

डार्या तिच्या हाताकडं बघत राहिली.

“दर फोडीमागं चकती किती?” पोलोनानं विचारलं.

“अर्धी,” मी म्हणालो, कारण हे गणित मलाही येत होतं.

“आणि चकती कापलेली आहे का?”

“नाही.”

“जोडी!” रेमश्कार उठून उभे राहिले, खुर्ची मागं पडली. “दोन रेणू! एकेकटे नाहीतच ते, जोडीनं राहतात, आणि मधोमध एक जस्त दोघांनी मिळून धरलेलं! म्हणून दर वेळी अर्धं. दर वेळी, बाई! तुमची मोजणी कधी चुकलीच नव्हती!”

“नव्हती,” पोलोना म्हणाली, आणि आता ती हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग सगळीच. इतकी वर्षं जे तोंड आवळून धरलं होतं ते सुटलं. डार्यानं तिला मिठी मारली, पाना दोघींच्या मध्ये आला, तरी सोडली नाही. मी रडलो नाही. मुळ्याचा कीस तिखट होता.

“अर्थात दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा मोजावं लागेल,” रेमश्कार म्हणाले. “निदान दोनदा. माझ्या बोटांशिवाय.” मग ते जरा घुटमळले. “सोमवारी खोली रिकामी करायची नाही. समितीला मी सांगतो. त्यांना काय, मी म्हणेन त्याला ते माना हलवतात.”

“आणि नाव?” मी विचारलं.

“कुठलं नाव?”

“बिल्ल्यावर रेघ मारून पाडलेलं.”

 पोलोनानं मला गप्प केलं नाही, पायही दिला नाही.

“ते मी काढलं होतं,” रेमश्कार म्हणाले. “वाईट विनोद होता. मला माफ करा, पोलोनाबाई.”

तिनं सॉसेजचा तो पाव त्यांच्या हातात दिला. “खा. सकाळपासून उपाशी आहात. आणि ते नाव आता परत देणार नाही मी. अर्धीच बरोबर निघाली.”

दुपारी आम्ही चौघं माझ्या गाडीतून रेमश्कारांच्या सासूबाईंच्या टेकडीवर गेलो. म्हातारी काठी टेकून फाटकात उभी होती. बादलीत ढवळलेली हिरवी पावडर मी ओतून दिली, वाटेत घरून उचललेला माझा उरलेला चुना आणि मोरचूद काढलं, आणि प्रोफेसरला कालवायला बसवलं.

“आधी चुना दुसऱ्या बादलीत विझवा. मग मोरचुदाचं पाणी त्यात बारीक धारेनं. उलटं केलंत तर फेकून द्यावं लागेल.”

“का?”

“बापानं सांगितलं नाही. तुम्ही शोधून काढा, समिती नेमा.”

म्हातारीनं बादलीत डोकावून पाहिलं. आभाळासारखा निळा रंग धरला होता. “बघ हुबेर्त,” ती म्हणाली, “याला म्हणतात औषध. हा कोण माणूस? याला का नाही केला जावई?”

“माझा आहे तो,” पोलोना म्हणाली. “देणार नाही.”

आणि मला बाजूला सारून तिनं पंप स्वतःच्या पाठीवर चढवला. राहिलेल्या तिन्ही ओळी तिनंच मारल्या. खालून वर, पानाच्या पोटाशी, एकही पान न सोडता. वारा आमच्याकडं फिरला तसं ते सगळं तिच्या अंगावर आलं. सकाळी तीनदा धुतलेले केस, घासून घासून पांढरे केलेले हात, चष्मा, सगळं निळं झालं. खालून डार्यानं त्स्विचेक वाइनचा ग्लास वर केला आणि ओरडून विचारलं, पुसायला काही देऊ का.

“कशाला?” पोलोना वरून ओरडली. “आज हे कुठंही लागू दे!”